डावं बटण

१

दुपारचं जेवण झालं की मिस्त्री मागच्या शेडमध्ये कामाला बसायचा आणि बायको पुढच्या खोलीत पिनबॉल खेळायची. हा दिनक्रम नवा होता, आणि तो मिस्त्रीनंच मोठ्या हौसेनं बसवून दिला होता.

आठ महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठीशिवाय चालणंही जमू लागलं, पण डावा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून नुसता लोंबायचा. व्यायाम शिकवायला येणारी बाई सांगून सांगून थकली. बायको एके काळची टायपिस्ट, दहा बोटांनी कागद बडवणारी. पाच बोटं उरल्यावर ती कशालाच हात लावेना. दिवसभर खिडकीशी बसून राही. मिस्त्रीनं विनोद करून पाहिले, रागावून पाहिलं, नवा टीव्ही आणला. टीव्ही तोच बघत बसायचा.

मिस्त्रीचा धंदा जुने गेम दुरुस्त करण्याचा. धंदा कसला, चार हौशी लोकांच्या हौसेवर चाललेलं पोट. कुणाला आपल्या दिवाणखान्यात जॉयस्टिकवाली जुनी पेटी हवी असते, कुणाला बंपरवर आपटणारा तो पोलादी चेंडू लहानपणापासून झोपेत ऐकू येत असतो. असे लोक मिस्त्रीचा पत्ता शोधत यायचे. अशाच एका गिऱ्हाइकाच्या गोदामात त्याला सर्कशीचं चित्र असलेलं पिनबॉल दिसलं. झोपाळ्यावर लटकलेली बाई, खाली जांभई देणारा वाघ, काचेमागं आकड्यांची चाकं. सहज म्हणून मागची फळी काढून त्यानं आत डोकं घातलं आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. आतलं सोल्डरिंग त्याचं स्वतःचं होतं. तीस वर्षांपूर्वीचं, शिकाऊ हाताचं, ओबडधोबड. तेव्हा तो ज्या गेम पार्लरमध्ये दुरुस्तीला होता, तिथं मागच्या भिंतीला उभं असायचं ते हेच मशीन.

दोन महिने खपून त्यानं ते चालू केलं, बाजू नव्यानं रंगवल्या आणि चौघांच्या खांद्यावरून पुढच्या खोलीत आणवलं. दिवे लागल्याबरोबर बायको खिडकीपासून उठली, जवळ आली, काचेवरून उजवा हात फिरवला आणि हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसली. मिस्त्रीला आनंद झाला, पण ती मशीनकडे बघून हसली होती. त्याच्याकडे बघून असं हसल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

२

त्या पार्लरच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. पण मिस्त्रीला डोळे मिटून आजही तिथं चालता येतं. आत शिरताना डाव्या हाताला टोकनची खिडकी. मग दोन्ही बाजूंना व्हिडिओ गेमच्या पेट्या: अंतराळयानाची, चक्रव्यूहात ठिपके खाणाऱ्याची, स्टिअरिंगवाल्या मोटारीची. मोटारीचा ब्रेक महिन्याला तुटायचा, कारण हरल्यावर लोक लाथ तिथंच मारायचे. सगळ्यांचा आवाज एकदम, आणि त्या आवाजात मिस्त्रीला कळायचं, तिसऱ्या पेटीचा स्पीकर फाटलाय. अगदी मागं भिंतीला तीन पिनबॉल, आणि त्यांच्या अलीकडच्या कोपऱ्यात, खेळणाऱ्यांच्या पाठीशी, त्याचं टेबल.

पिनबॉलला दोन बटणं असतात, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. प्रत्येक बटण आपापला फ्लिपर उडवतं, आणि फ्लिपर खाली घरंगळणारा चेंडू परत वर मारतो. एकच माणूस दोन्ही हातांनी खेळतो, ही साधी रीत. पण त्या पार्लरमध्ये ‘अर्धी’ खेळायची टूम निघाली होती. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं आणि प्रत्येकानं एकच हात वापरायचा. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. चेंडूवरून आणि शेजाऱ्याच्या श्वासावरून काय ते ओळखायचं. ज्यांची अर्धी जमायची त्यांचा चेंडू दहा दहा मिनिटं खाली पडायचा नाही. अशांकडे बघून बाकीचे काय ते समजून जायचे, आणि त्यातल्या दोन-तीन जोड्यांची लग्नंही झाली.

टायपिस्ट समोरच्या कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत यायची. रोज सर्कशीच्या मशीनवर, रोज उजवीकडे. आणि तिच्या डाव्या हाताला कुणीतरी उभं असायचं. कुणीतरी म्हणजे ताड्या, दुसरं कोण? टोकनच्या खिडकीत बसणारा तो ताडमाड पोरगा, मिस्त्रीचा त्या काळचा एकुलता एक मित्र. मिस्त्रीला आपल्या टेबलाशी बसून दिसायच्या त्या दोन पाठी. तिचा निळा स्वेटर आणि त्याचा राखी शर्ट. मधे बोटभर अंतर. हातातली सोल्डरची कांडी तशीच वितळत जायची आणि एकदा तर त्यात त्याचा अंगठा भाजला.

पुढं पार्लर बंद पडलं. ताड्या चष्म्याच्या दुकानात लागला आणि गाठीभेटी संपल्या. मिस्त्रीनं सगळं धैर्य गोळा करून टायपिस्टला लग्नाचं विचारलं, तर ती सरळ हो म्हणाली. इतकी सरळ, की त्याचा विश्वासच बसेना. त्या राखी शर्टाबद्दल त्यानं कधी विचारलं नाही. मनात मात्र ते तसंच ठसठसत राहिलं. आपण तिची दुसरी पसंती आहोत, असं त्याला वाटायचं. भाजी थोडी अळणी झाली तरी वाटायचं.

३

पहिले काही दिवस तो स्वतः तिच्या डावीकडे उभा राहिला. एवढ्यासाठीच तर त्यानं हे मशीन आणलं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षांनी का होईना, अर्धी आपली.

पण अर्धी जमेना. चेंडू अर्ध्या मिनिटात खाली. तो घाई करायचा, मग घाई टाळायला उशीर करायचा, आणि चोरून तिच्याकडे बघायचा. चौथ्या दिवशी ती हळूच म्हणाली की तुम्ही शेडमध्ये कामाचं बघा, मी खेळेन एकटी. ती हे इतक्या सौम्यपणे म्हणाली की त्याला भांडायलाही जागा उरली नाही.

मग तो शेडमध्ये बसून ऐकायचा. तिचा उजवा फ्लिपर वाजायचा, ठक. पुन्हा ठक. मग डावीकडून चेंडू घरंगळून गेल्याचा आवाज, आणि थोडी शांतता. एका हातानं याहून जास्त काय होणार?

आठव्या दिवशी तो एका जॉयस्टिकची स्प्रिंग बसवत होता आणि त्याचा हात थांबला. ठक. ठप. ठक-ठक. ठप.

डाव्या फ्लिपरची कॉइल त्यानं नवी घातली होती आणि रबरही जाड होतं, म्हणून त्याचा आवाज बसका होता. जगात हा फरक कळणारा तो एकटाच असेल, पण त्याला तो बरोबर कळत होता. डावा फ्लिपर चालला होता. म्हणजे डावा हात चालला होता. मिस्त्री स्प्रिंग टाकून उठला, घरात धावला, धावताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला.

तो खोलीत शिरला तोच चेंडू खाली पडला. बायको मशीनच्या उजव्या कडेला उभी होती. डावा हात गाऊनच्या खिशात घालून ठेवलेला, रोज सकाळी मिस्त्रीच तिला घालून द्यायचा तसा.

ती म्हणाली, “अहो, दचकवलंत ना.”

डावं बटण कुणी दाबलं, असं त्यानं विचारलं. आपण उजव्या हातानंच खेळतो आहोत, असं ती म्हणाली. ते खरंही होतं.

४

मिस्त्री अंधश्रद्धाळू माणूस नव्हता. मशीन आपोआप चालतं तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा झुरळ असतं. त्यानं मागची फळी काढली. डाव्या बटणाच्या पट्ट्या तपासल्या, कानशीनं घासल्या, मधे कागदाचा कपटा सरकवून अंतर पाहिलं. तारा हलवून पाहिल्या. कुठं काही चिकटलेलं नव्हतं. झुरळही नव्हतं. त्यानं तासभर मशीन नुसतं चालू ठेवून समोर खुर्ची टाकून पाहिलं. डावा फ्लिपर जागचा हलला नाही.

तो शेडमध्ये गेला की हलायचा.

दिवसागणिक चेंडू जास्त वेळ वर राहू लागला. आधी तीन मिनिटं, मग सात. मिस्त्री घड्याळ समोर ठेवून बसायचा आणि काम पडून राहायचं. एक दिवस बारा मिनिटं झाली. चेंडू घंट्यांवर नाचत होता आणि त्या घंट्यांमधून बायकोचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते. एखादं वाक्य, मग थांबणं, मग हसू. तो दबकत गेला की सगळं बंद, आणि ती त्याला चहा हवा का विचारायची.

हल्ली ती जेवायच्या आधी केस विंचरत होती. एका हातानं विंचरायला तिला पाऊण तास लागायचा, तरी विंचरायची. मिस्त्रीनं मदत करू का विचारलं तेव्हा नको म्हणाली. आणि खेळताना ती उभी कशी राहते, हेही त्याच्या ध्यानात आलं. एकटं माणूस मशीनच्या मधोमध उभं राहील. ती उजव्या कडेला अंग चोरून उभी राहायची, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

मत्सर हा शब्द मिस्त्रीनं स्वतःबद्दल कधी वापरला नव्हता, पण आता दुसरा शब्द सापडेना. घरात चोर आला असता तर त्यानं पोलीस बोलावले असते. भूत आलं असतं तर, त्याची खात्री होती, तो घाबरला असता. त्याला भीती वाटतच नव्हती. त्याला वाटत होतं की ती आपल्याबरोबर कधी बारा मिनिटं खेळली नाही.

मग रंगाचं लक्षात आलं. बाजूंना दिलेला रंग महिनाभर कच्चा असतो, तळहात घासला की चकाकी जाते. उजव्या बटणामागं बायकोच्या तळव्याचा मंद डाग पडला होता. मिस्त्री वाकून डावीकडे गेला. तिथंही डाग होता. मोठा, रुंद, बोटांच्या जागेपर्यंत लांब. त्यानं आपला तळवा त्यावर ठेवला. डाग त्याच्या हाताच्या चारी बाजूंनी बाहेर उरला.

त्याला माहीत असलेल्या माणसांत एवढा हात एकाचाच होता.

५

ताड्याचं आता स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. मिस्त्री बस बदलून तिथं पोचला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बरोबर तीच वेळ, जेव्हा ताड्या आपल्या पुढच्या खोलीत असतो असं तो धरून चालला होता. ताड्या गल्ल्यामागं बसून एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होता. केस गेले होते, पोट आलं होतं, उंची तेवढी शाबूत होती.

त्यानं ओळखलं, उठून हात मिळवला. मिस्त्रीनं तो हात नको तितका वेळ धरून ठेवला. मोठा होता, पण बोटं जाड आणि आखूड. डाग लांब बोटांचा होता.

म्हातारा गेल्यावर चहा आला. मिस्त्रीनं बायकोच्या आजारपणाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, आणि मग एकदम विचारून टाकलं, तू माझ्या घरी येतोस का?

ताड्याला आधी तो प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो हसला, आणि ते हसणं लवकरच आटपलं.

“मी कशाला येऊ? आणि इतक्या वर्षांनी तू मला हे विचारतोस? अर्धी तर तू खेळायचास तिच्याबरोबर.”

मिस्त्री म्हणाला, “मी टेबलाशी असायचो. तू खेळायचास.”

“मी खिडकी सोडून कधी उठलो? मालक जीव घेत होता. मी मागच्या काचेतून बघायचो तुम्हाला. ती, आणि शेजारी तू. तीस वर्षं तुझा हेवा केलाय मी, मिस्त्री. तुझ्या लग्नाला आलो नाही तो त्याचसाठी.”

 भिंतीवरच्या आरशांत सगळीकडे चष्मे दिसत होते. शेवटी ताड्यानं आवाज खाली आणून विचारलं की तुझा राखी शर्ट होता ना? मिस्त्रीनं नकारार्थी मान हलवली. राखी शर्ट त्याच्याकडे कधीच नव्हता. चेहरा पाहिला होतास का, असं मिस्त्रीनं विचारलं. ताड्या आठवत राहिला. दरवेळी पाठच, म्हणाला. मिस्त्रीनंही आठवून पाहिलं. त्यालाही चेहरा आठवेना, आणि त्याची जागा तर दोन मशीनं सोडून होती.

ताड्या गल्ल्यावर हात सपाट ठेवून बसला होता. “दारातून आत येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडून टोकन घ्यायचा,” तो म्हणाला. “तो कधी खिडकीशी आलाच नाही. म्हणून तर तो तूच, असं मी धरून चाललो. टोकनशिवाय खेळायची मुभा आपल्या दोघांनाच होती.”

मिस्त्री चहा अर्धा टाकून उठला. ताड्या दारापर्यंत आला आणि त्याचा दंड धरून म्हणाला की तिला काही विचारू नकोस. 

६

घराच्या फाटकातच आवाज ऐकू आला. ठक. ठप. ठक. ठप-ठप. इतकं एकजीव, की दोन माणसं खेळताहेत असं वाटूच नये.

यावेळी मिस्त्री शेडकडून आला नाही. पुढचं दार उघडून सरळ आत शिरला आणि बायकोच्या मागं चार हातांवर उभा राहिला. खेळ थांबला नाही. चेंडू बंपरवर आपटून वर गेला, काचेमागचे आकडे फिरत राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मशीनचे दिवे त्यात फिके दिसत होते. ती उजव्या कडेला, अंग चोरून. डावी बाजू त्याला दिसत होती, आणि ती रिकामी होती. निदान तो बघत होता तोवर तरी.

त्यानं विचारलं, “पार्लरमध्ये तुझ्या डावीकडे कोण असायचं?”

तिनं चेंडूवरची नजर काढली नाही. “तुम्हाला खरंच ठाऊक नाही?”

“मला ताड्या वाटायचा.”

तिला याचं हसू आलं. हसत हसतच ती बोलत राहिली. एक काचेमागून बघायचा, एक टेबलामागून, आणि दोघांचेही चेहरे असे, की कुणीतरी त्यांच्या ताटातलं उचलून नेलंय. मग तिचं हसू ओसरलं.

“मी डावी बाजू मोकळी सोडून उभी राहायचे,” ती म्हणाली. “दोन महिने राहिले. तुम्ही याल म्हणून.”

“मी?”

“तुम्हीच. आज येतील, उद्या येतील. टेबल दहा पावलांवर होतं तुमचं. नाही आलात.”

“मग?”

चेंडू घंट्यांमध्ये अडकून नाचला आणि सुटला. डावा फ्लिपर त्याची वाट बघत असल्यासारखा उचललेलाच होता.

“मग कुणीतरी आलं,” ती म्हणाली.

 मिस्त्रीच्या मनात पहिला प्रश्न आला तो त्याला स्वतःलाच लाज वाटावी असा होता, आणि तोच त्यानं विचारला. मग लग्न माझ्याशी का केलंस?

“तुमच्याशीच करणार ना. त्यांच्याशी कसं करणार?”

ती हे भाजी आणायला सांगावी तसं सहज म्हणाली. मिस्त्रीला राग आला, इतका, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा पावलं. तेव्हा ती चालला नव्हता, आता चारच हातांचं अंतर होतं. तो पुढं झाला. तिच्या डावीकडे, त्या मोकळ्या जागेत, त्यानं खांदा घातला.

त्याच्या खांद्याला खांदा लागला.

तो थांबला. मशीनची काच समोरच तिरकी पसरलेली होती आणि तिच्यात बायकोचा चेहरा दिसत होता, लालसर, तरुण, ओठ किंचित उघडे. तिच्या शेजारी राखी काहीतरी होतं, आणि त्याच्या वर, मिस्त्री जिथं बघायचं टाळत होता तिथं, कुणाची तरी हनुवटी हळूहळू त्याच्याकडे वळायला लागली होती. त्यानं मान खाली घातली.

म्हणून त्याला तिचा हात दिसला. डावा हात खिशात नव्हता. कोपरात वाकून वर आला होता, आणि पाचही बोटं हवेत एका जाडीभोवती गच्च मिटली होती, कुणाचा दंड धरावा तशी. पेरं पांढरी पडली होती.

“अगं, तुझा हात,” मिस्त्री म्हणाला. 

“हो,” ती म्हणाली. “जरा मागे सरका ना. त्यांना जागा कमी पडते.”

तिच्या आवाजात माया होती, तीस वर्षांत त्यानं कधी न ऐकलेली. ती त्याच्यासाठी नाही, हे मिस्त्रीला कळत होतं. पण ती त्याच्याशी बोलताना आली होती, आणि तेवढ्यासाठी तो मागे सरकला.